लष्करी हेलिकॉप्टरची सैर: कुठे मिळते, कुठे मिळत नाही आणि पैसे देण्याआधी काय विचारायचं

‘पैसे भरायची तयारी आहे, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून एक चक्कर मारायला मिळेल का?’ हा प्रश्न वाचक सतत विचारतात. प्रजासत्ताक दिनाचं संचलन किंवा ४ डिसेंबरचा नौदल दिन झाला की विचारणारे वाढतात. कुणाला वडिलांच्या पंचाहत्तरीला अशी भेट द्यायची असते, कुणाची मुलगी वैमानिक व्हायचं म्हणते, तर कुणी अमेरिकेत मुलाकडे जाणार असतात आणि तिथं व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरमध्ये बसवतात असं त्यांनी ऐकलेलं असतं. बऱ्याच जणांना मधल्या काळात कुणीतरी ‘आपली ओळख आहे’ असंही सांगितलेलं असतं.

थोडक्यात सांगायचं तर भारतात सेवेत असलेल्या लष्करी हेलिकॉप्टरचं तिकीट मिळत नाही, कुठल्याही किमतीला नाही. सेवेतून निवृत्त होऊन संस्थांच्या हाती आलेल्या हेलिकॉप्टरमध्ये काही देशांत रीतसर बसता येतं. आणि लष्करात उडणाऱ्या यंत्रांच्या नागरी भावंडांत तुम्ही भारतातही बसू शकता. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे उड्डाण कोणाच्या परवान्यावर होतंय?

भारतात तिकीट का नाही

लष्करी हेलिकॉप्टरच्या प्रत्येक उड्डाणाला कारण लागतं आणि त्या कारणाला मंजुरी लागते. सराव, रसद, टेहळणी, जखमींना हलवणं, नागरी प्रशासनाला मदत, अशी ती कारणं असतात. हौस त्यात बसत नाही. यंत्राच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजलेलं असतं. इतके तास झाले की तो भाग काढायचा, तपासायचा किंवा बदलायचा. सियाचिनच्या चौक्यांना रसद पोचवणारी चीता हेलिकॉप्टरं काही दशकांपूर्वीच्या आराखड्याची आहेत. त्यांचा एकेक तास राखून वापरावा लागतो. तो तास सैरसपाट्यासाठी विकायला काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

‘मग राष्ट्रपती कशा बसल्या?’ असंही विचारलं जातं. पुण्याच्या लोहगावहून २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी आणि २००९ मध्ये, वयाच्या ७४व्या वर्षी, प्रतिभाताई पाटील यांनी सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केलं होतं. राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापती असतात. त्या उड्डाणाचा दाखला तुमच्या-माझ्या अर्जाला लागू होत नाही.

कोणते नागरिक बसतात

गणवेशात नसलेली माणसंही लष्करी हेलिकॉप्टरमध्ये बसतात, पण कामासाठी किंवा संकटात:

- निवडणूक कर्मचारी. गडचिरोलीच्या दुर्गम भागातली मतदान पथकं मतदान यंत्रांसह हेलिकॉप्टरनं नेली जातात. हवाई दलाच्या एमआय-१७ मध्ये बसलेले शिक्षक तुम्हाला त्या जिल्ह्यात भेटतील.
- पत्रकार, लोकप्रतिनिधी, तंत्रज्ञ. आधी मंजुरी, नावनिशीची यादी आणि बहुतेक वेळा हमीपत्रावर सही, असा रस्ता असतो. आपल्या जोखमीवर बसतो आहोत, हे त्यात लिहून द्यावं लागतं.
- सैनिकांचे कुटुंबीय. क्वचित एखाद्या तळावर कौटुंबिक कार्यक्रमात वरिष्ठांच्या परवानगीनं संधी मिळते. ती तुमच्या नातलगाच्या युनिटमार्फतच येते, बाहेरच्या कुणामार्फत नाही.
- पुरात, डोंगरात, समुद्रात अडकलेले लोक. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या आणि चिपळूण-महाडच्या २०२१ च्या पुरात लष्करी हेलिकॉप्टरं कामाला लागली होती. अशा सुटकेचे पैसे नागरिकाकडून घेतले जात नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. हेलिकॉप्टर मागवण्याचा निर्णय जिल्हा प्रशासन घेतं. म्हणून तुम्ही फोन करायचा तो १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या किंवा ११२ या क्रमांकावर. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

मुलगा-मुलगी शाळा-कॉलेजात असेल तर एनसीसीचा हवाई विभाग हा खरा आणि विनामूल्य मार्ग आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर इथं त्याची पथकं आहेत. तिथं हेलिकॉप्टर नव्हे, मायक्रोलाइट विमानातून उडायला मिळतं. पण शेजारी प्रशिक्षक आणि समोर चालू यंत्रावरचे काटे असतात. पुढे लष्करी वैमानिक व्हायचं असेल तर नाशिक आपल्या घरचंच आहे. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण तिथल्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये होतं. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये लष्कराच्या हवाई शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्या याच संस्थेतून बाहेर पडल्या.

‘ओळखीनं बसवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

कुणी ‘रिटायर्ड कर्नलसाहेबांच्या कोट्यातून’, ‘वेल्फेअर फंडाला देणगी देऊन’ किंवा ‘एअर शोच्या आदल्या दिवशी’ बसवतो म्हणालं, तर व्यवहार तिथंच थांबवा. असा कोटा नाही. सैनिक असल्याचं भासवून फसवणाऱ्यांची पद्धत आता ठरून गेली आहे: ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवायचा, गणवेशातलं छायाचित्र लावायचं, मग आधी थोडी आणि नंतर ‘गेट पास’ची म्हणून आणखी रक्कम मागायची. खरा सैनिक आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही.

पैसे गेले असतील तर लाज बाळगून बसू नका. पहिल्या काही तासांतच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मग बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. चॅट, क्यूआर कोड, खाते क्रमांक यातलं काहीही पुसू नका.

तेच घराणं, नागरी परवान्यावर

आता खरोखर हाती लागणाऱ्या पर्यायाकडे येऊ. एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरची प्रवासी आवृत्ती म्हणजे एमआय-१७२. ईशान्येकडच्या राज्यांत, विशेषतः अरुणाचलात, ती प्रवासी सेवेत वापरली गेली आहे. गोल खिडक्या, जाडजूड पोट आणि उडायला लागताना सगळ्या सांगाड्यात भरून येणारी थरथर. यंत्राचा अनुभव हवा असेल तर याच्याइतकं जवळचं दुसरं काही सामान्य प्रवाशाला भारतात मिळत नाही. मात्र या सेवा स्थानिक लोकांसाठी आहेत. रस्ता खचला की रुग्ण आणि विद्यार्थी याच हेलिकॉप्टरवर अवलंबून असतात, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत पर्यटक म्हणून जागा अडवू नका. अरुणाचलात जायला इनर लाइन परमिट आधी काढावं लागतं. सिक्कीममध्ये गंगटोक ते बागडोगरा हेलिकॉप्टर सेवा पर्यटन विकास महामंडळामार्फत असते. दोन्हीकडे निघण्यापूर्वी तीनच गोष्टी विचारा: सेवा सध्या चालू आहे का, कोणतं हेलिकॉप्टर आहे आणि किती किलो सामान चालतं.

नुसती आकाशातली चक्कर हवी असेल तर मुंबईत जुहू विमानतळावरून छोट्या नागरी हेलिकॉप्टरच्या सैरी मिळतात. त्या काही मिनिटांच्याच असतात. जाहिरातीत ‘पंधरा मिनिटं’ लिहिलेलं असेल तर ती उड्डाणाची की बसण्या-उतरण्यासकट, हे विचारून घ्या. केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात आणि वैष्णोदेवीची श्राइन बोर्डाकडे. केदारनाथच्या नावानं बनावट संकेतस्थळं पुन्हा पुन्हा उगवतात. गुगलवर वर दिसणारी पहिली जाहिरात खरी असेलच असं नाही.

पैसे भरण्याआधी हे तपासा:

- नोंदणी क्रमांक. भारतातल्या नागरी हेलिकॉप्टरच्या अंगावर ‘व्हीटी’नं सुरू होणारी अक्षरं असतात. ती लेखी मागा.
- डीजीसीए या नागरी उड्डाण नियामकाचा परवाना. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कंपनीकडे अनियमित सेवेचा परवाना हवा. एजंटचं नाव नको, परवानाधारक कंपनीचं नाव विचारा.
- वजन. तुमचं खरं वजन सांगा. कमी सांगितलेले दहा किलो उंचावरच्या विरळ हवेत वैमानिकाचं गणित चुकवतात.
- हवामान. ‘काही झालं तरी उडवतो’ म्हणणारी कंपनी टाळा. उड्डाण रद्द करणारा वैमानिक तुमच्या बाजूचा असतो.

शेवटच्या मुद्द्यावर मी थोडा जास्त भर देतो. १५ जून २०२५ च्या पहाटे गौरीकुंडाजवळ यात्रेकरूंचं हेलिकॉप्टर कोसळलं. सातही जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, दोन वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलीसह. दरीत दिसत नसताना केलेलं उड्डाण किती महाग पडतं, ते यापुढे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. हेलिपॅडवर उभं राहून ‘आम्ही लांबून आलोय, आमचं परतीचं तिकीट आहे’ असा दबाव कर्मचाऱ्यांवर आणू नका. एक दिवस हाताशी ठेवूनच बेत आखा.

पंख्याखाली कसं वागायचं

पंखा फिरत असताना चढायची वेळ आली तर या गोष्टी पाळा:

- कर्मचाऱ्यानं अंगठा दाखवेपर्यंत जागचं हलू नका. मग वैमानिकाला दिसाल असे समोरून किंवा बाजूनं या.
- शेपटीकडे कधीही जाऊ नका. शेपटीवरचा छोटा पंखा वेगात असताना डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.
- पंखा मंदावत असतो तेव्हा पाती खाली झुकतात, म्हणून वाकूनच चाला. उतारावर उभं असेल तर खालच्या बाजूनं जा.
- टोपी, ओढणी, पदर, मफलर, छत्री आधीच आवरा. सेल्फी स्टिक पिशवीतच असू द्या.
- कानात बोळे घाला. लष्करी घराण्यातल्या यंत्रांत आवाज शब्द बुडवतो, तेव्हा मुलांशी हातवाऱ्यांच्या खुणा आधीच ठरवा.

छायाचित्रांबद्दल: पुण्याचं लोहगाव, गोव्याचं दाबोळी आणि बागडोगरा हे संरक्षण दलांचे विमानतळ आहेत. तिथं धावपट्टीचं, हॅंगरचं, उभ्या विमानांचं छायाचित्रण करायला मनाई आहे. ‘सगळेच काढतात’ हा बचाव चालत नाही.

जवळून पाहायचं असेल तर

उडणं जमलं नाही तरी यंत्राला हात लावता येतो. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथं चेतकसारखी हेलिकॉप्टरं इतक्या जवळ उभी आहेत की पात्यांची जोडणी नीट न्याहाळता येते. बंगळुरूचं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं संग्रहालय आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं चंदीगडचं हवाई दल वारसा केंद्र इथं सिम्युलेटरवर बसता येतं. लहान मुलांसाठी मी जॉयराइडपेक्षा हेच आधी सुचवेन. तिथं त्यांना वेळ मिळतो, प्रश्न विचारता येतात.

‘नो युवर आर्मी’सारख्या प्रदर्शनांच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. नौदल दिनाची प्रात्यक्षिकं आता वेगवेगळ्या किनाऱ्यांवर होतात. २०२३ मध्ये ती आपल्या तारकर्लीला झाली होती. दोरावरून उतरणारे कमांडो आणि घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर किनाऱ्यावरून फुकट दिसतं.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये

परदेशातही सेवेतलं हेलिकॉप्टर पैसे देऊन मिळत नाही. मिळतं ते निवृत्त झालेलं. अमेरिकेत यात सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बेल कंपनीचं यूएच-१, सगळे ज्याला ह्यूई म्हणतात ते. १९५६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे यंत्र व्हिएतनाम युद्धात हजारोंनी वापरलं गेलं. जॉर्जियात, अटलांटाच्या दक्षिणेला हॅम्प्टन इथं ‘आर्मी एव्हिएशन हेरिटेज फाउंडेशन’ आहे, तर इंडियाना राज्यातल्या पेरू गावी ‘अमेरिकन ह्यूई ३६९’ ही संस्था आहे. दोन्ही संस्था माजी सैनिक आणि स्वयंसेवक चालवतात. तुम्ही तिकीट घेत नाही, संस्थेचे सभासद होता, आणि सभासद म्हणून ठरलेल्या दिवशी तुम्हाला उडवलं जातं. हॅम्प्टनच्या संस्थेकडे कोब्रा हे हल्ला करणारं हेलिकॉप्टरही आहे. त्यात दोनच जागा, एकामागे एक. जेमतेम मीटरभर रुंदीच्या त्या सांगाड्यात मागे वैमानिक बसतो आणि पुढे, पूर्वी जिथं तोफची बसायचा, तिथं तुम्ही.

ह्यूईत दारं उघडी ठेवून उडतात. बाहेर तोंड करून बसायच्या कापडी जागा असतात, पट्टा कमरेला घट्ट, समोर सरळ आकाश. दोन पात्यांचा तो धप-धप आवाज जमिनीवर बऱ्याच लांबूनही ऐकू येतो. रांगेत तुमच्या पुढे कुणी वयस्क माजी सैनिक असेल तर त्याला आधी जाऊ द्या. अनेकांसाठी हे उड्डाण पन्नास-पंचावन्न वर्षांनी केलेली परतफेरी असते.

पण इथंही परवान्याचा प्रश्न सुटत नाही, उलट जास्त कळीचा होतो. अमेरिकेत निवृत्त लष्करी ह्यूईंची नोंद बहुधा ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गात असते. तो वर्ग वणवे विझवणं, जंगलातून ओंडके उचलणं अशा कामांसाठी आहे. त्या वर्गात भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. ऐतिहासिक विमानांतून पैसे घेऊन लोकांना उडवायचं तर तिथल्या एफएए या नियामकाकडून खास सूट घ्यावी लागते आणि ती काढूनही घेतली जाते. २०१९ मध्ये कनेक्टिकट राज्यात दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर अशाच एका सशुल्क उड्डाणात कोसळलं, सात जण दगावले, आणि पुढच्या वर्षी ते उडवणाऱ्या संस्थेची सूट रद्द झाली. २२ जून २०२२ रोजी वेस्ट व्हर्जिनियात ह्यूईप्रेमींच्या मेळाव्यात एक ह्यूई पडलं. सहाही जण गेले.

म्हणून सभासदत्वाचे पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा:

- हेलिकॉप्टरचा ‘एन’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक काय? तो एफएएच्या खुल्या नोंदवहीत कुणालाही तपासता येतो.
- आम्हाला कोणत्या नियमाखाली किंवा सवलतीखाली नेणार?
- वैमानिकाला याच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर किती तासांचा अनुभव आहे?
- प्रवाशांसाठी विमा आहे का, किती रकमेचा?

चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. ‘इतकी वर्षं उडवतोय, काही झालं नाही’ एवढंच उत्तर आलं तर मी तरी बसणार नाही आणि तुम्हालाही बसू नका असंच सांगेन.

ब्रिटनमधल्या वाचकांना गझेल, स्काउट, वॉस्प ही निवृत्त हेलिकॉप्टरं खासगी मालकांकडे दिसतील. तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणानं ऐतिहासिक विमानांसाठी संमतीची पद्धत घातली आहे. हे यंत्र प्रवासी विमानाच्या सुरक्षामानकांत बसत नाही, हे तुम्हाला आधी स्पष्ट सांगायचं आणि तुमची सही घ्यायची. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. मालक ‘पेट्रोलचे पैसे वाटून घेऊ’ म्हणाला तर ती सेवा नव्हे, खासगी उड्डाण आहे, हे ओळखा. उडण्याइतकंच पाहणं आवडत असेल तर वेस्टन-सुपर-मेअर इथलं हेलिकॉप्टर संग्रहालय चुकवू नका. १९८६ मध्ये ताशी ४०० किलोमीटरचा वेग ओलांडणारं लिंक्स तिथंच आहे.

विमा, सही आणि परतावा

सगळ्यांत दुर्लक्षित बाब ही आहे. बहुतेक वैयक्तिक अपघात विम्यांत आणि प्रवास विम्यांत एक अपवाद असतो: परवानाधारक प्रवासी विमानात भाडं भरून केलेल्या प्रवासाखेरीज इतर उड्डाणातल्या अपघाताला संरक्षण नाही. सभासद म्हणून ह्यूईत बसणारा माणूस या अपवादात थेट सापडतो. विमा कंपनीला उड्डाणाचा प्रकार लिहून विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. एजंटच्या तोंडी ‘चालतंय’वर विसंबू नका. आयुर्विम्यावरच्या अपघात लाभालाही अशीच अट असू शकते.

जोखमीच्या कागदावर सही केली म्हणजे सगळे हक्क गेले असं भारतात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल तक्रार करता येते आणि एकतर्फी, अन्यायकारक करारालाही आव्हान देता येतं. अमेरिकेत मात्र राज्यागणिक कायदा बदलतो आणि अशा सह्या पुष्कळदा न्यायालयात टिकतात.

परताव्याच्या अटी आधी वाचा. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की फक्त नवी तारीख? तुम्हीच गेला नाहीत तर किती कापणार? वजन जास्त भरलं म्हणून नाकारलं तर? ही तिन्ही उत्तरं ईमेलवर असू द्या आणि पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर नाही. पावतीवर परवानाधारक कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक पाहा. कंपनी टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून ठेवा, आणि तरी दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तिथं वकील लावलाच पाहिजे असं बंधन नाही.